डावा सात, उजवा आठ

नाही म्हणायला मला कधीच वेळ लागलेला नाही. लग्नाआधी लागला नाही, लग्नानंतर लागला नाही, आणि नवरा गेल्यावर आता हिनं घरी बसावं असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवलं तेव्हाही लागला नाही. त्यामुळे आमचं बुटांचं दुकान समोरच्यांच्या घशात घालायचा कागद धाकट्या दिरांनी माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी नाही म्हणाले यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं.

दुकान लहान आहे. तेरा पावलं लांब, सात पावलं रुंद, आणि वर लाकडी माळा. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलेलं. त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं, मोजे काढायला लावायचे आणि मापाच्या रेघा आखलेल्या फळीवर दोन्ही पाय मोजायचे. एक नाही, दोन्ही. सगळं जग एक पाय मोजतं आणि दुसरा तसाच असणार असं धरून चालतं. मामंजी म्हणायचे, "दोन सख्खे भाऊ सारखे नसतात, मग दोन पाय कसे असतील?"

आणि नसतातच. कुणाचा डावा सात नंबरचा आणि उजवा आठ, कुणाचं उलट. अशा माणसाला मामंजी सरळ दोन खोकी उघडून एकातला डावा आणि दुसऱ्यातला उजवा देऊन टाकायचे. याला आमच्याकडे जोड फोडणं म्हणतात. उरले दोन, एक डावा आठ आणि एक उजवा सात. ते सुतळीनं एकत्र बांधायचे, चिठ्ठी अडकवायची आणि माळ्यावर ठेवायचे. कधीतरी उलट्या पायांचा माणूस येईल तोवर त्यांनी तिथं थांबायचं. कुणी आठवड्यात येतो, कुणी नऊ वर्षांनी. आम्ही त्यांना 'थांबलेले' म्हणतो.

भाऊजी म्हणतात 'मेलेले'.

भाऊजी म्हणजे हेच धाकटे दीर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, हिशेबाला पक्के, स्वभावाला वाईट नाहीत, पण कायम कुठेतरी काहीतरी खुपतंय असा चेहरा. गल्ल्यामागे बसले की उजवा बूट अर्धा काढून बसायची त्यांना सवय. दुकानात आमची निम्मी निम्मी मालकी. कुठल्याही मोठ्या कागदावर दोघांची सही लागते.

गेल्या वर्षी समोर ते बड्या कंपनीचं बुटांचं दुकान आलं. तीन मजले, आपोआप उघडणारी काच, आत गेलं की थंडगार. बूट भिंतभर मांडलेले, आपणच उचलायचे, आपणच घालून बघायचे, आपणच गुपचूप लंगडत घरी जायचं. पहिल्याच महिन्यात आमचं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. काहीजण तर आमच्याकडे पाय मोजून घ्यायचे आणि बूट तिकडे जाऊन घ्यायचे. अशांना मी दारापर्यंत पोचवून म्हणायचे, "सावकाश जा हो, रस्त्यात गाड्या असतात."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते व्यापाऱ्यांच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि एक निळी फाइल घेऊन आले. रिकाम्या खोक्याच्या झाकणावर त्यांनी चार चौकोन आखले आणि मला समोर बसवलं.

"वहिनी, वाढायचे चारच रस्ते असतात. आहे तोच माल आहे त्याच लोकांना जास्त विकायचा. नाहीतर तोच माल नव्या वस्तीत न्यायचा. नाहीतर याच लोकांना नवा माल द्यायचा, पिशव्या, छत्र्या, पट्टे. नाहीतर सगळंच नवं."

"आणि वाढायचंच नसेल तर?"

"मग मरायचं." त्यांनी झाकण उलटं केलं. मागे आणखी लिहिलेलं होतं. "आणि टिकायचे रस्ते तीन. सगळ्यांत स्वस्त व्हा, नाहीतर सगळ्यांहून वेगळे व्हा, नाहीतर थोड्याच लोकांना धरा पण घट्ट धरा. मध्येच लटकलात की संपलात."

खोटं कशाला बोलू, मला ते झाकण आवडलं. शिबिरातला माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा असेल, पण शेळ्यांची नावं त्याला बरोबर ठाऊक होती. माझं म्हणणं एवढंच होतं की आपण आधीपासूनच वेगळे आहोत. भाऊजींचं म्हणणं की वेगळं असणं आणि वेडं असणं यातला फरक गिऱ्हाइकाला कळत नाही, स्वस्त मात्र लगेच कळतं.

मग आम्ही स्वस्त झालो. दोनावर एक, तिनावर दोन, दारात लाल पाट्या. आम्ही एक पाटी लावली की समोर संध्याकाळी दोन लागायच्या. त्यांचा माल जहाजातून यायचा आणि आमचा हातगाडीवरून, मग कुस्ती किती वेळ चालणार? दोन महिन्यांत आम्ही चीतपट झालो.

त्यानंतर टायवाला आला. समोरच्यांचा साहेब. त्याचं नाव मला सांगितलं होतं, पण लक्षात राहिला तो टाय, कारण बोलताना तो त्याला सारखा कुरवाळायचा. त्याचा प्रस्ताव सरळ होता. आमचं दुकान त्यांच्या नावाखाली घ्यायचं, लहान मुलांच्या बुटांचा विभाग इथं करायचा, आम्ही दोघं पगारी चालक. पाटी त्यांची, माल त्यांचा, खोकं आहे तसं बंद विकायचं, जोड फोडायचा नाही. फळी काढायची, माळा रिकामा करायचा.

"माळ्याचं काय वाकडं आहे?" मी विचारलं.

"मॅडम, तो मृत साठा आहे," तो म्हणाला.

"मेलेलं कोण ते नंतर बघू," मी म्हणाले आणि सही केली नाही.

तो गेल्यावर भाऊजींनी दुकानाचं दार लोटून घेतलं. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, हे दुकान आहे, अनाथाश्रम नाही! कुणाकुणाचे उरलेले बूट सांभाळत बसलोय आपण!"

"मामंजींनी सांभाळले म्हणून आपण..."

"बाबांचं मला नका सांगू. तुम्ही सून म्हणून आलात, तुम्हाला त्यांची हुशारी दिसली. मी पोरगा होतो. मला त्या माळ्यावरचे बूट घालून शाळेत जावं लागायचं. बुटांच्या दुकानदाराचा मुलगा आणि पायात एक बूट शोकेसमधला, उन्हानं विटलेला, आणि दुसरा खोक्यातला काळाकुट्ट. पोरं म्हणायची, दोन घरचे बूट. गिऱ्हाइकांना नवे आणि मला उरलेसुरले. बारा वर्षांचा झालो आणि दुसऱ्याच्या दुकानातून स्वतःचे बूट आणले. तेव्हापासून आजवर आपल्या दुकानातला बूट मी घातलेला नाही."

मामंजी कंजूष नव्हते, पण समजावून सांगणाऱ्यातलेही नव्हते. पाय बघायचे, बूट पुढे ठेवायचा, मान हलवायची. पोराला काय वाटलं हे त्यांनी विचारलं नसेल, यावर माझा विश्वास बसला.

"महिनाअखेर सही करा," भाऊजी म्हणाले. "नाहीतर दुकानात मधोमध भिंत घालू. तुमचा भाग तुम्ही चालवा, माझा मी त्यांना देतो."

सात पावलांच्या दुकानात भिंत घातली तर साडेतीन पावलं उरतात. त्यात माणूस पाय पुढे करून बसूही शकत नाही. म्हणजे भिंत आली की दुकान गेलं, मग सही करा नाहीतर नका करू.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला दोन दिवस तिच्याकडे जावं लागलं. परत आले तर माळा रिकामा. झाडून लख्ख केलेला. सुतळ्यांचा गुंता तेवढा कोपऱ्यात पडला होता आणि त्यात मामंजींच्या हातच्या चिठ्ठ्या.

"बेचाळीस जोड होते, बेचाळीसही गेले," भाऊजी खुशीत म्हणाले. "दारात टेबल टाकलं, पाव किमतीत लावले. झुंबड उडाली."

"जोड? अहो, एक सातचा आणि एक आठचा! लोकांना सांगितलंत?"

"एका नंबरानं काय होतं? स्वस्त असलं की लोक पाय कापून घेतात, वहिनी."

मी माळ्यावर चढले आणि त्या रिकाम्या फळ्यांसमोर बसून रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. हा फरक मला चांगला कळतो. मग डोळे पुसले, चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या आणि डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात रांग. रांगेतली प्रत्येक व्यक्ती एका पायावर भार टाकून उभी, नजरेत खून.

"एक चावतो आणि एक पळतो!" एक रिक्षावाला ओरडला. "ब्रेक मारायला गेलो तर पाय ब्रेकवर आणि बूट खाली!"

"मला वाटलं रात्रीतून पायाला सूज आली," एक आजोबा म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊन आलो हो मी!"

भाऊजी गल्ल्यामागे असे बसले होते की नुसतं डोकं दिसावं. मी बाह्या सरसावल्या. सगळ्यांची माफी मागितली, पैसे परत केले, आणि आलेच आहात तर बसा म्हणून प्रत्येकाचे दोन्ही पाय मोजून दिले. दोन दिवस हे चाललं. एकतीस जोड परत आले. मी ते पुन्हा सुतळीनं बांधले, ज्याची चिठ्ठी त्याला लावली आणि माळ्यावर नेऊन ठेवले.

"जाऊ दे," भाऊजी हळूच म्हणाले. "अकरा तरी खपले."

मी जिन्यातच थांबले. अकरा का नाही आले परत? एवढ्या स्वस्तात घेतलेल्यांनी भांडायला येऊ नये? चावणारा बूट कुणी प्रेमापोटी पायात ठेवत नाही.

उत्तर चौथ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आलं. हॉस्पिटलातली नर्स होती, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. पायात आमचा जोड, डावा सहा, उजवा पाच. मी पैसे परत द्यायला गल्ला उघडला.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "असाच आणखी एक जोड द्या. याच कारखान्याचा. दुसरा कुठला चालणार नाही."

"ताई, तो वेगवेगळ्या नंबरांचा आहे. चुकून गेला तुम्हाला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला बसवलं, फळी पुढे ओढली. डावा सहा, उजवा पाच. अगदी रेघेला रेघ.

"बावीस वर्षं बारा बारा तास उभी राहतेय मी," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या पायातच खोट आहे. म्हणजे खोट बुटात होती?"

"खोट दोन्हीत नाही. जोडी चुकीची होती."

ती हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि मग ती म्हणाली की आमच्या वॉर्डात अशा सहाजणी आहेत, उद्या घेऊन येते. ती गेल्यावर मी भाऊजींचं झाकण काढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

"बेचाळिसात अकरा! डोळे मिटून विकलेत तरी अकराजणांना बसले! म्हणजे चौघांत एक, भाऊजी. तुमच्या झाकणावर लिहिलंय ना, थोड्यांना धरा? हे थोडे आहेत? अख्खं गाव लंगडतंय आणि प्रत्येकाला वाटतंय आपणच वाकडे!"

भाऊजी झाकणाकडे बघत राहिले. टेबलाखाली उजवा बूट अर्धा काढलेला होता.

लाल पाट्या मी त्याच दिवशी उतरवल्या. फळी उचलून थेट फुटपाथवर मांडली, शेजारी दोन खुर्च्या, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: दोन्ही पाय मोजून बघा, फुकट. खाली बारीक अक्षरात: इथे जोड फोडून मिळतो. फळीचं तोंड मुद्दाम समोरच्या काचेच्या दाराकडे केलं होतं. त्यांच्या पिशव्या हातात घेऊन बाहेर पडणारी माणसं आधी हसायची, मग गंमत म्हणून बसायची, मग गप्प व्हायची. उभ्यानं काम करणारे सगळे आले. वॉर्डातल्या सहाजणी आल्या, शाळेच्या बाई आल्या, पोस्टमन आला. समोरच्या दुकानातली विक्रेती मुलगी जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून आली आणि पाठीमागे बघत बघत बसली. तिचा उजवा पाय अख्ख्या नंबरानं मोठा निघाला. तिच्या दुकानात हजारो जोड होते आणि तिच्या पायाचा एकही नव्हता. त्यानंतर त्यांच्याकडे कुणाला बूट बसला नाही की ती डोळ्यांनीच आमच्याकडे खूण करायची.

महिनाअखेर टायवाला कागद घेऊन हजर झाला. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यानं ती मोजली, टाय कुरवाळला.

"छान चाललंय. पण किती दिवस? उद्या आम्हीही फळी आणू. तीन मजल्यांवर तीन."

"आणा की," मी म्हणाले. "मोजाल हो तुम्ही. पण फोडाल का?"

"म्हणजे?"

"तुमचं खोकं एक, त्यावरचा रेघारेघांचा पट्टा एक, मशीनला टुक केलं की दोन बूट गेले. त्यातला एकच गेला तर तुमचं मशीन काय म्हणेल? उरलेला कुठं ठेवाल? कोण वाट बघेल त्याच्या गिऱ्हाइकाची? तुम्ही महिना बघता, आम्ही नऊ वर्षं बघतो. माळा म्हणतात त्याला. तुम्ही मृत साठा म्हणता."

तो मग माझ्याकडे पाठ करून भाऊजींकडे वळला. निम्मी मालकी त्यांची होती आणि भिंत घालून आपला निम्मा भाग द्यायला त्यांची एकट्याची सही पुरणार होती. "तुम्ही तर व्यवहारी माणूस आहात," तो म्हणाला आणि पेन पुढे केलं.

भाऊजींनी पेन घेतलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण ते 'नाही' माझं नव्हतंच, त्यांचं होतं. आणि उन्हानं विटलेल्या त्या बुटाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाऊजी उठले. गल्ल्याला वळसा घालून आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. पेन कानावर खोचलं. मग बूट काढले, समोरच्यांकडचेच होते, नवेकोरे. मोजे काढले. उजव्या करंगळीवर बोराएवढं कुरूप.

"माझेही मोजा, वहिनी."

तीस वर्षं मी या माणसाशेजारी लोकांचे पाय मोजत होते. त्यांचे कधी मोजले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी खाली बसले. आधी डावा. सात. मग उजवा. मी पट्टी सरकवली, पुन्हा मागे घेतली, पुन्हा सरकवली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ."

मी फळीवरून मान वर केली.

"भाऊजी, तो विटलेला बूट कुठल्या पायात असायचा?"

"उजव्या."

"मोठा होता?"

एवढ्या वर्षांत त्यांनी त्या बुटाचा रंग आठवला होता, माप कधी आठवलं नव्हतं.

"मोठा होता," ते म्हणाले. "पण चावायचा नाही. तेव्हा पाय कधी दुखल्याचं आठवत नाही."

"तुमच्या मापाचा उजवा तेवढा शोकेसमध्येच उरला असणार. उरलेसुरले नव्हते ते. तुमच्यासाठी जोड फोडला होता."

"मग सांगितलं का नाही मला?"

"पोराच्या पायात खोट आहे असं पोराला वाटू नये म्हणून असेल. नाहीतर ते बोलायचेच कमी. आता कुणाला विचारणार?"

मी माळ्यावर गेले. डावा सात, उजवा आठ, तपकिरी, बंदांचा. चिठ्ठीवरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची, मामंजी गेले त्या वर्षीची. मी सुतळी दातानं तोडली आणि खाली येऊन जोड त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी बंद बांधले. उभे राहिले. दुकानातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला, समोरची काच आपोआप उघडली, त्यांनी आत बघितलंही नाही, आणि तसेच वळून परत आले. चालताना ते कुठेही अडखळले नाहीत. आत आल्यावर त्यांनी कानावरचं पेन काढून टायवाल्याच्या खिशात खोचलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

"सही नाही," ते म्हणाले.

"का?" टायवाला म्हणाला.

"पाय दुखत नाहीये."

टायवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी फळी त्याच्यासमोर सरकवली आणि त्याला मोजे काढायला सांगितलं.